के असलेला नो

मास्तरांनी विजेवरची प्लॅस्टिकची किटली गॅसवर ठेवली, त्या दिवशी घरात चहाची वेळ टळली आणि बाकी सगळ्याची वेळ आली.

मास्तरीणबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. वास आला तेव्हा त्यांना वाटलं, शेजारणीने पुन्हा काहीतरी नवं शिजवायला घेतलंय. खाली येऊन बघतात तर किटली शेगडीवर आरामात पसरलेली, आणि मास्तर हाताची घडी घालून तिच्यासमोर उभे.

"उकळली की सांगतो," ते म्हणाले.

हे काही अगदी पहिलंच नव्हतं. त्याआधी एकदा मास्तर सकाळी अंघोळ करून, भांग पाडून, ज्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं तिथे जाऊन आले होते. शाळा उठून तिथे फर्निचरचं दुकान झालं होतं, ही गोष्ट त्यांना माहीत होती, पण त्या दिवशी ती माहिती त्यांच्यासोबत गेली नाही. त्यांनी एका डबल बेडवर बसून हजेरी घेतली. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी निघाला. आपलं नाव आल्यावर तो "हजर" म्हणाला आणि मग रिक्षा करून त्यांना घरी सोडून गेला. मास्तरीणबाईंनी हे लेकीला सांगितलं नव्हतं. पण वितळलेली किटली काही लपवता येत नाही. घासून घासून शेगडीचा रंग गेला, किटलीचा नाही.

लेक विम्याच्या कंपनीत होती. माणसं कशाकशाने दगावतात, याचा तिथे रोज बसून विचार करतात आणि त्याबद्दल पगार मिळतो. ती संध्याकाळी आली, सवयीने शेगडीचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि मग खुर्चीत बसून रडली. मग डोळे पुसून कामाचं बोलली.

"आई, आता आपण डॉक्टरीणबाईंना दाखवू. त्या म्हणाल्या घरी राहू शकतील, तर राहू देत. नाही म्हणाल्या, तर बाबा म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत आणि तू माझ्याकडे."

"मग मीही जाते की संस्थेत."

"तिथे जोडप्यांची सोय नाही गं. पुरुषांचा मजला आहे."

"जोडप्यांची सोय नाही, तर लग्न झालेली माणसं घेतात कशाला?"

लेकीने पदराला हात घातला, म्हणजे आईच्या पदराला, आणि त्यातच नाक पुसलं. लहानपणापासून वाद संपवायची तिची हीच रीत होती.

डॉक्टरीणबाई भली होती. वयाने लेकीएवढीच, पण मोठ्याने बोलायची, जणू मास्तरांचं डोकं नाही, कान बिघडलेत. मास्तर इंग्रजीचे शिक्षक, हे कळल्यावर तिने त्यांचा मान ठेवला. म्हणाली, "सर, मग तुम्हाला आपण इंग्रजीतच विचारू. के या अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा. एका मिनिटात सुचतील तेवढे."

ज्या माणसाने अख्ख्या मोहल्ल्याला इंग्रजी भरवलं, पुढे ज्यांची मुलं आगाऊपणे इंग्रजीत शिव्या देऊ लागली, तो माणूस खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, "किंग." बऱ्याच वेळाने म्हणाला, "काइट." आणि मिनिट संपता संपता, मोठ्या आत्मविश्वासाने, "केळं."

डॉक्टरीणबाईंनी आणखी बरंच काही विचारलं, घड्याळ काढायला लावलं. पण मास्तरीणबाईंचं लक्ष त्या केळ्यावरच घसरलेलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाली, "औषध बदलून देते. महिन्याने या. हीच चाचणी परत घेऊ आणि मग काय ते ठरवू."

सगळ्या बोलण्यातले दोनच शब्द मास्तरीणबाईंनी पदरात बांधून घेतले. हीच चाचणी.

ज्या घरातून जन्मभरात कधी एक प्रश्न बाहेर गेला नाही, त्या घरात आज अख्खा पेपर आपल्या पायांनी चालत आला होता. परीक्षेच्या दिवसांत कोण कोण दारात यायचं, काय काय घेऊन यायचं! मास्तरांनी सगळ्यांना पाणी पाजून वाटेला लावलं होतं. मास्तरीणबाईंनी मनातल्या मनात त्या सगळ्यांची माफी मागितली आणि तयारीला लागल्या.

आता मास्तरीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं. शाळा त्यांना सोडून लवकर निघून गेली, त्या आहेत तिथे राहिल्या. पण बाहेरच्या खोलीत मास्तरांच्या शिकवण्या चालायच्या. एक भिंत काळी रंगवून तिचाच फळा केलेला. आणि त्या खोलीत आणि स्वयंपाकघरात मध्ये एक प्लायवूडची आडभिंत होती. प्लायवूडमधून इंग्रजी चांगलं झिरपतं. वर्षानुवर्षं नव्या पोरांना तेच धडे, त्यामुळे कांदा चिरता चिरता बाईंना ते पाढ्यासारखे पाठ झाले होते. अर्थाचं मात्र जरा असंच होतं.

त्यातला एक धडा होता के आणि एन शेजारी शेजारी येणाऱ्या शब्दांचा. या शब्दांत के लिहायचा, पण म्हणायचा नाही. नी, निट, नील, नॉट, नॉक, नाइफ, नो. बाईंना कितीतरी वर्षं वाटायचं की मास्तर पोरांना शिस्त लावतायत. 'नी' म्हणजे आपला 'आणि'वाला नि. 'निट' म्हणजे नीट बसा. 'नील' म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ, ती मध्येच कशाला, हे कळायचं नाही, पण शिक्षकाच्या घरात प्रत्येक गोष्टीचा अर्थ विचारत बसलं तर भात करपतो. नी म्हणजे गुडघा, निट म्हणजे विणणं आणि नील म्हणजे गुडघे टेकणं, हे त्यांना फार उशिरा कळलं, तेव्हा त्यांचे स्वतःचे गुडघे टेकत नव्हते.

धड्याचा ठरलेला क्रम होता. कोणीतरी नवा पोरगा फळ्यावरचं वाचून 'क्नी' म्हणायचा. मास्तर ओरडायचे, "के मुका आहे!" पाठोपाठ फेकलेला खडू पोराला चुकवून प्लायवूडवर बसायचा, टक्. त्या टकटकीवरून बाई आत बसल्या बसल्या यंदाची पोरं कशी आहेत ते ओळखायच्या. आणि धड्याच्या शेवटी, दर वर्षी न चुकता, सगळी पोरं खो खो हसायची. का हसतात, ते काही प्लायवूडमधून येत नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बाईंनी मास्तरांना समोर बसवलं, त्यांचा हात त्यांच्याच गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "नी."

मास्तरांनी गुडघ्याकडे पाहिलं. "दुखतोय का तुझा?"

"तुमचा आहे तो. नी म्हणा."

"नि काय?"

हे असंच चाललं. बाईंनी सुरी दाखवली, दार वाजवलं, दोऱ्याला गाठ मारली. मास्तर सगळं कौतुकाने बघत होते, जादूचे प्रयोग बघतात तसे. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बाई थकल्या आणि थकलेल्या माणसाची जीभ घसरते, तशी त्यांची घसरली. के, के, के डोक्यात घोळत होतं, त्यात म्हणून गेल्या, "क्नी."

मास्तर ताठ झाले. मान आधी, मग पाठ.

"के मुका आहे!" ते गरजले. "किती वेळा सांगायचं? के मुका आहे! नी!" आणि त्यांचा हात टेबलावर खडू शोधत फिरला, तिथे बिस्किट सापडलं, ते त्यांनी भिरकावलं. बिस्किट बाईंच्या कानावरून गेलं आणि प्लायवूडवर बसलं. बरोबर जुन्या जागी.

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ते बिस्किट उचलून खाऊन टाकलं.

मग गाडी सुटली. मास्तर उठले, काळ्या भिंतीपाशी गेले आणि खडू नव्हता तर बोटानेच लिहू लागले. "नी. नाइफ. नॉक. लिही! नॉट म्हणजे गाठ. निट म्हणजे विणणे. आणि यातला के काढला, तर जो निट राहतो तो म्हणजे लीख. तेव्हा विणायला बसताना के बरोबर घेऊन बसा, नाहीतर स्वेटरऐवजी डोक्यात लिखा पडतील." जुनाच विनोद. बाई पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या हसल्या. खरं तर पहिल्यांदाच ऐकत होत्या, कारण आडभिंतीच्या या बाजूला त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

"आणि नो?" त्यांनी विचारलं.

"नो. के-एन-ओ-डब्ल्यू. माहीत असणे, ओळखणे. आणि दुसरा नो, एन-ओ. नाही. आता बघ या भाषेची गंमत. माहीत आहे म्हटलं तरी नो आणि नाही म्हटलं तरी नो. आपल्याकडे ध चा मा करायला कोणाला तरी लेखणी उचलावी लागली. इथे तेवढेही कष्ट नाहीत. नुसतं तोंड उघडलं की झालं."

"मग समोरच्याला कळायचं कसं, कुठला ते?"

"ते समोरच्याने बघावं," मास्तर म्हणाले. आणि खाली बसले, आणि जेवणाची वेळ झाली का, असं त्यांनी बाईंना 'ताई' म्हणून विचारलं.

पण बाईंना गुरुकिल्ली सापडली होती. नवऱ्याला बरोबर सांगून तो शहाणा होत नाही, हे जगातल्या सगळ्या बायकांना माहीत असतं. चूक सांगावी. चूक ऐकली की तो जिथे असेल तिथून धावत येतो, दुरुस्त करायला. तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर त्या एक 'क्नी' सोडायच्या. कधी 'क्नाइफ', कधी 'क्नॉक'. बिस्किट उडालं, तर मास्तर घरात आहेत. नाही उडालं, तर थोड्या वेळाने पुन्हा. घरात बिस्किटांचा खप वाढला.

"पाहुणे आलेत का काकू?" वाण्याने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "येऊन जाऊन असतात."

दवाखान्याच्या आधी मास्तरांच्या पँटी आत घ्यायला त्या खालच्या शिंप्याकडे गेल्या. माणूस वाळत चालला होता आणि परीक्षेला ढगळ कपड्यांत जाऊ नये. शिंपी मास्तरांच्याच हाताखाली दोनदा नापास होऊन मग सुखी झालेला. आता डोक्यावर केस नव्हते, पण सरांचा विषय निघाला की अजून उभा राहायचा.

"एक विचारू का रे," बाई म्हणाल्या. "ते के-एनचं शिकवायचे सर, त्याच्या शेवटी तुम्ही सगळे हसायचात. का?"

शिंप्याने चार टाचण्या उचलून ओठांत धरल्या. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाने उत्तर द्यावं, असा कुठे कायदा नाही. बाई स्टुलावर बसल्या. पँट संपली, टाचण्या संपल्या, बाई बसलेल्याच.

"सोडा ना बाई. पोरं होतो आम्ही."

"मी कुठे छडी आणलीय?"

शिंप्याने टेप गळ्यातून काढली, परत घातली. "सर म्हणायचे, नॉट म्हणजे गाठ. त्यातला के काढला की राहतं नॉट, म्हणजे नाही. हा के आमच्या हिच्यासारखा आहे. सगळ्यांच्या पुढे उभा, तोंडातून एक अक्षर नाही. पण काढून बघा, गाठच राहत नाही. आणि मग खडूने आतल्या दाराकडे दाखवायचे."

"दर वर्षी?"

"आमच्या थोरल्या दादालापण हेच सांगितलं होतं." मग घाईघाईने, "वाईट अर्थाने नाही हं हसायचो, बाई."

"हसायला कुठे अर्थ लागतो," बाई म्हणाल्या, आणि पँट घेऊन जिना चढल्या.

त्या दिवशी त्यांनी मास्तरांना बिनसाखरेचा चहा दिला. मास्तर प्यायले आणि म्हणाले, "छान झालाय." रागावण्यातली मोठी अडचण ही, की समोरच्याला काहीतरी आठवत असावं लागतं. नाहीतर ते किटलीवर चिडल्यासारखं होतं. बाईंनी स्वतःच्या चहात साखर दोन चमचे जास्त घातली आणि प्लायवूडकडे बघत प्यायल्या. एवढं चांगलं बोलला हा माणूस आपल्याबद्दल आणि ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत, पोरांना, त्यांच्या दादांना. फक्त आत पोचायचं राहिलं. मधे पाव इंचाचं प्लायवूड.

महिना झाला. मास्तर नव्या मापाच्या पँटीत डॉक्टरीणबाईंसमोर बसले. लेक भिंतीशी, तिच्याशेजारी बाई.

"सर, आठवतंय ना? के या अक्षराने सुरू होणारे शब्द."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर एक माणूस शिडीवर चढून दिव्याचा बल्ब बदलत होता. मास्तरांना तो आवडला असावा. घड्याळाचा काटा चालू झालेला. बाईंनी घसा खाकरला. काही नाही. मग त्यांना शिंक आली. निदान डॉक्टरीणबाईंना ती शिंक वाटली.

"क्नी!"

"के मुका आहे!" मास्तर गरजले आणि डॉक्टरीणबाईंच्या पेनाचं टोपण थेट वजनकाट्यावर जाऊन पडलं. "नी! नाइफ, नॉक, नॉट, निट, नील, नो! आणि नाइट, म्हणजे सरदार. त्यात पुढे के मुका आणि मधे जी-एचही मुके. एका घरात सासूही मुकी आणि सूनही मुकी. असं घर फक्त इंग्रजीत सापडतं!"

डॉक्टरीणबाई हसली. खरंखुरं हसली. लेकीने आईचा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "आई," ती कुजबुजली, "बाबा!" तिच्या तोंडून एवढंच निघालं, पण त्यात शेगडी, संस्था, पुरुषांचा मजला, सगळं पुसलं गेलेलं होतं. बाईंनी मनात घराकडे जाणारी रिक्षासुद्धा केली. वाटेत बिस्किटं घ्यायची, असंही ठरवलं.

"वा सर! अवघड होतं ते झालं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आता सोपं विचारते हं. आज वार कोणता?"

"नॉट," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "वार, सर. आज कुठला वार?"

"गाठ," मास्तरांनी समजावून सांगितलं.

"बरं. आपण आत्ता कुठे बसलोय?"

"निट."

"हो, नीटच बसलाय तुम्ही. पण ही जागा कुठली?"

"विणणे."

लेकीचा हात सैल झाला. बाईंना कळलं, आपण काय करून ठेवलंय. एकच खण रोज उघडझाप करून करून असा सैल केला की आता कुठलाही हात लावा, तोच उघडतो. शहाणपणा नडला. पण परीक्षक अजून प्रश्न विचारत होती.

"सर, इकडे बघा. या बाई बसल्यात ना, यांच्याकडे. ओळखता यांना?"

मास्तर वळले. बाईंकडे बघत राहिले. कपाळापासून हनुवटीपर्यंत, मग पुन्हा वर, फळ्यावरचं पोराचं स्पेलिंग तपासावं तसं. चेहऱ्यावर काहीतरी आलं. हसू म्हणावं तर हसू, नुसतं ऊन म्हणावं तर ऊन.

"नो," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचं पेन खाली गेलं, आणि बाई उभ्या राहिल्या. आयुष्यात डॉक्टर, हेडमास्तर, पोस्टमन अशा कोणाही अधिकारी माणसासमोर त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं नव्हतं.

"थांबा. तो के असलेला नो आहे."

"काय?"

"के-एन-ओ-डब्ल्यू. ओळखतो म्हणतायत ते. त्यांना के-एनचेच शब्द येतात आत्ता, तुम्हीच ऐकलेत! मग हाही त्यातलाच, नाही का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन बाजूला ठेवलं. खरंच भली होती. "काकू, पण के तर मला ऐकू आला नाही."

"येतच नाही ऐकू! मुका असतो तो! तोच तर धडा आहे!"

"आई, बस ना," लेक म्हणाली.

"का बस? आजवर बसलेच की. डॉक्टर, तुम्ही दुसरा नो लिहू नका. तो वेगळा असतो. दिसायला वेगळा असतो, लिहून बघा."

"काकू, मी लिहून काय उपयोग? त्यांच्या मनात कुठला होता, ते हवं." मग ती मास्तरांकडे वळली आणि अगदी हळू, पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाली, "सर, आपल्या भाषेत सांगा. यांना ओळखता, की नाही ओळखत?"

मास्तरांनी प्रश्न नीट ऐकून घेतला. चांगला प्रश्न आल्यावर त्यांना नेहमीच आनंद व्हायचा.

"ते," ते म्हणाले, "समोरच्याने बघावं."

चाचणीत उत्तराला दोनच जागा होत्या, हो आणि नाही. समोरच्याने बघावं, याला नव्हती.

घर आवरायला फार वेळ लागला नाही. शिक्षकाच्या घरात असून असून काय असणार. काळी भिंत तेवढी नेता येत नव्हती. घरमालक म्हणाला, नवे लोक यायच्या आधी तिला दोन हात पांढरा मारून घेतो. दोन हातांत झाकली नाही म्हणे, तिसरा मारावा लागला. प्लायवूड शिंपी घेऊन गेला. कपडे कापायला आडवं टाकलंय त्याने.

लेकीने आईला खिडकीची खोली दिली. जावई सज्जन, नातवंडं गोड. "आजी, तू बस," "आई, तू बस," "तुम्ही बसा हो." दिवसभर बसून बसून बाईंना कळेना, की उठायचं कशासाठी. पुढे उभं राहायला मागे एखादा शब्द तरी असावा लागतो.

भेटेल त्याला त्या सांगायच्या, "मला ओळखलं होतं त्यांनी. नो म्हणाले. के असलेला." शिंप्याने लगेच मान डोलावली. जावयानेही. लेकीने तर, "हो गं आई, मलाही तसंच वाटलं," असं इतक्या मायेने सांगितलं की बाईंचा उरलासुरला भरवसा तिथेच गेला. कारण मास्तर दुसरा नोही काही कमी वेळा म्हणाले नव्हते. साडी घेऊ का, नो. माहेरी जाऊन येऊ का, नो. मुका साक्षीदार घेऊन कोर्टात उभं राहावं, तशी त्यांची गत. साक्षीदार खरा आहे, पण तो बोलणार नाही. त्यांना एकदा खात्री करून घ्यायची होती. एकदाच. मग संस्था तर संस्था.

म्हणून दर रविवारी त्या बिस्किटांचा पुडा घेऊन पुरुषांच्या मजल्यावर जायच्या. लांबलचक खोली, ओळीने खाटा, फिनेलचा वास, आणि प्रत्येक खाटेशेजारी एक खुर्ची, बहुतेक रिकामी. मास्तरांच्या नव्या मापाच्या पँटीही पुन्हा ढगळ झाल्या होत्या.

पहिल्या रविवारी त्या 'क्नी' म्हणाल्या, तेव्हा मास्तरांचा हात बिस्किटाकडे गेला. बिस्किट वर उचललं गेलं. बाईंनी मान बाजूला केली. मग ते बिस्किट वळलं आणि तोंडात गेलं. त्यांनी ते शांतपणे चावलं.

त्यानंतरच्या रविवारी हातही गेला नाही.

बाईंनी धीर सोडला नाही. गावात वीज नसली तरी माणूस बटण दाबून बघतोच. त्या येत राहिल्या, चुका करत राहिल्या. क्नॉक, क्नॉट, क्नील. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा तोवर सगळा धडा शिकले होते, पण त्यांना अर्थ नको होते.

आणि मग एका रविवारी मास्तर उठून बसलेले दिसले. केस विंचरलेले, डोळे उघडे, हात गुडघ्यांवर. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, बिस्किट मास्तरांच्या हाताशी ठेवलं, पदर सारखा केला.

"क्नी," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. आणि त्यांचा आवाज फुटला, जुना, खडा, आडभिंतीपलीकडचा आवाज.

"बरोबर."

बाईंना वाटलं, आपणच घाईत नीट म्हणालो असू. त्यांनी ओठ ओले केले आणि के चांगला दणकून उच्चारला. "क्नाइफ."

"बरोबर," मास्तर म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं.

वॉर्डातली मावशी पाण्याचा पेला घेऊन आली. "सर, पाणी ठेवलंय हं."

"बरोबर."

"आज काय छान बोलतायत ना सर!" मावशी म्हणाली. "सकाळपासून सगळ्यांना बरोबर, बरोबर. चादर बदलली, बरोबर. गोळी दिली, बरोबर. एरवी घुम्यासारखे असतात." आणि पेला झाकून पुढच्या खाटेकडे गेली.

खिडकीतून येणारं ऊन मास्तरांच्या पायांवरून जमिनीवर उतरलं. आणखी एकच शब्द उरला होता. तो बाईंनी राखून ठेवला होता, आणि आता तो विचारावा की तसाच घरी घेऊन जावा, हे त्यांना ठरवता येईना. घर म्हणजे लेकीचं. शेवटी त्या पुढे वाकल्या, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि के इतका मोठ्याने म्हणाल्या की पलीकडचे म्हातारबुवा दचकले.

"क्नो?"

मास्तरांनी मान डोलावली.

"बरोबर," ते म्हणाले. "शाब्बास. बस खाली."

मास्तरीणबाई बसलेल्याच होत्या. त्या उठल्या, आणि परत बसल्या.